तंबू तळ्याच्या काठावर नको, जरा लांब लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत डोंगरातल्या तळ्याकाठी वीकेंड कॅम्पिंग कसं करायचं यावर पानभर मजकूर आलाय तो वाचला. फोटो मस्त आहे, वाद नाही, निळंशार पाणी, मागे कडे आणि पाण्यापासून चार पावलांवर पिवळा टेन्ट, आत दिवा लावलेला. आमच्या ग्रुपवर तो फोटो येऊन पडला आणि लगेच "पुढच्या शनिवारी जायचं का" सुरू झालं. माझं म्हणणं एवढंच की टेन्ट जिथे दाखवलाय तिथे तो लावायचाच नसतो. लेखात काय काय न्यायचं त्याची यादी आहे, कपडे, टॉर्च, स्पीकर (स्पीकर कशाला हो?), पण टेन्ट कुठे लावायचा यावर एक ओळ नाही, आणि बाकीचं सगळं प्लॅनिंग तर त्या एका गोष्टीवरून ठरतं. किती वाजता निघायचं, कुठलं तळं निवडायचं, काय पांघरायचं, आंघोळ कुठे, संडास कुठे, सगळं. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र. कापाकापी केलीत तरी चालेल, पाण्याचा भाग तेवढा ठेवा.

पाण्यापासून लांब म्हणजे किती, तर सगळीकडे जो अंदाज वापरतात तो २०० फूट, म्हणजे ६० मीटरच्या आसपास, मोठ्या माणसाची साधारण ऐंशी पावलं. अमेरिकेतली लीव्ह नो ट्रेस ही संस्था हेच शिकवते. बऱ्याच पार्कांचे स्वतःचे नियम असतात, कुठे अंतर कमीजास्त असतं, कुठे टेन्टसाठी जागा आखूनच दिलेल्या असतात, तसं असेल तर मग तिथेच लावायचा, आपलं डोकं चालवायचं नाही, आणि परमिट लागतं का, शेकोटीला परवानगी आहे का हे निघायच्या आधी विचारून घ्यायचं, तिथे पोचल्यावर नाही. ऐकायला हे सगळं मास्तरकीचं वाटतं मला माहितीये, पण त्या ऐंशी पावलांत पहिला फायदा आपलाच आहे, तळ्याचा नंतर.

आधी थंडीचं बघा. उंचावरची बरीच तळी हिमनदीने कोरलेल्या खळग्यात असतात, तीन बाजूंना कडे आणि चौथ्या बाजूला बुटका उंबरठा, तिथून पाणी बाहेर पडतं. सूर्य गेला की उतारावरची हवा गार होते, गार हवा जड, ती घसरत घसरत खाली येते आणि सगळ्यात खोल जागी साठून राहते. सगळ्यात खोल जागा कुठली? तळं. म्हणजे फोटोतला टेन्ट त्या अख्ख्या खळग्यातल्या गारठ्यात नेऊन ठोकलाय. तोच जरा वर एखाद्या सपाट टप्प्यावर लावला असता तर रात्रीचा फरक अंगाला कळला असता. त्यात पाण्याजवळच्या हवेत ओल, आत झोपलेल्यांच्या श्वासाची ओल, आणि थंडी वाजते म्हणून लोक टेन्टच्या सगळ्या चेन गच्च लावून घेतात, मग पहाटे आतल्या बाजूने कापडावरून थेंब ओघळायला लागतात आणि बाहेर पाऊस नसताना स्लीपिंग बॅग ओली. वरची हवेची खिडकी उघडीच ठेवायची, थंडी वाजली तरी. शिवाय डास-चिलटं काठावरच, आणि जनावरं पाणी प्यायला संध्याकाळी आणि पहाटे काठावरच येतात, आपण नेमके त्यांच्या वाटेत आडवे झोपलेले. तळ्यात जिथे ओढा येऊन मिळतो तिथली वाळूची सपाटी बघून तर सगळ्यांनाच मोह होतो, इतकी छान सपाट असते, पण ती सपाट केलीये ती त्या ओढ्यानेच आणि वरती पाऊस झाला की तो परत येतो.

चांगली जागा म्हणजे काय, तर सपाट, थोडी उंच, पाणी निघून जाईल अशी, वर वाळका फांदा किंवा सुटा दगड नाही, आणि शक्यतो आधीच उघडी पडलेली माती किंवा खडक. हिरवं लुसलुशीत गवत बघून तिथे टेन्ट लावायचा मोह आवरा. उंचावर झाडपाला वाढायला वर्षातले थोडेच दिवस मिळतात, एकदा दाबलं गेलेलं गवत परत उठायला फार काळ लागतो.

आता अशी जागा शोधायची तर उजेड हवा. इथेच सगळ्यांचं गणित चुकतं. फोनवर सूर्यास्त साडेसहा दिसतो आणि लोक सहाला पोचायचं ठरवतात. तो साडेसहाचा सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो हो, खळग्यात पश्चिमेला कडा असेल तर ऊन तास-दीड तास आधीच जातं आणि ऊन गेलं की लगेच गार वारा उतरायला लागतो. मग घामेजलेल्या शर्टात, हेडटॉर्चच्या उजेडात, थरथरत्या हातांनी टेन्टच्या काठ्या जोडायच्या आणि जिथे पहिली सपाट जागा दिसेल तिथे, म्हणजे काठावरच, सगळे ढासळतात. काठावर टेन्ट लावणाऱ्यांतले निम्मे तरी हौसेने नाही, उशीर झाला म्हणून लावतात असं माझं मत आहे.

म्हणून वेळ उलटी मोजायची. चारला तळ्यावर पोचायचंय असं धरा. चालायला किती लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे, विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला, अजून चालतो, दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट ९ किलोमीटरची आहे आणि चढ ७५० मीटर, तर पावणेदोन तासांहून थोडं जास्त अधिक सव्वा तास, झाले तीन तास. पण हा हिशोब तब्येतीने फिट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे, नाइस्मिथसाहेबांच्या पाठीवर आपली सॅक नव्हती आणि सोबत दर वळणावर फोटो काढणारे मेव्हणे पण नव्हते. ग्रुप असेल तर मी सरळ दीडपट धरते. म्हणजे साडेचार तास. म्हणजे पायथ्यापासून साडेअकराला चालायला लागलंच पाहिजे, आणि घरातून किती वाजता निघायचं ते ज्याने त्याने तिथून मागे मोजावं. ग्रुपचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग, त्याला पुढे ठेवा, मागे ठेवलं की तो धापा टाकत पोचतो आणि तोपर्यंत बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात, बिचाऱ्याला विश्रांती कधीच मिळत नाही. आणि परत फिरायची वेळ खालीच ठरवून टाका, दोन वाजेपर्यंत अर्धी वाट संपली नसेल तर मागे वळायचं किंवा वाटेत जिथे परवानगी असलेली जागा असेल तिथे मुक्काम. वर गेल्यावर हा निर्णय होत नाही, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण "आलंच आता, पलीकडेच आहे" म्हणणारा असतो.

हे गणित मांडलं की कुठलं तळं घ्यायचं ते आपोआप ठरतं. फोटोत सगळ्यात भारी दिसणारं तळं बहुतेक वेळा दोन दिवसांचं नसतंच. लांबी सोडा, उंचीच बघा. २५०० मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं, भूक जाणं, आणि याचा तुमच्या जिमशी काही संबंध नाही, तरणाबांड पोरगा आडवा होतो आणि त्याची मावशी मजेत फिरते असंही होतं. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर लोक सांगतात. आता खाली राहणारा माणूस शनिवारी निघून शनिवारीच रात्री ३५०० मीटरवर झोपणार असेल तर हे पाळायचं कसं, नाहीच पाळता येत. असं तळं मोठ्या सुट्टीसाठी ठेवा आणि वीकेंडला त्याच्या खालचं, कमी प्रसिद्ध, कमी उंचीचं घ्या, तिथे गर्दीही कमी असते. आणि वर कुणाला त्रास झालाच तर अजून चढायचं नाही, आणि वाढत गेला तर खाली यायचं, औषध घेऊन बघू सकाळी वगैरे नको.

थंडीचं सामान. लोक निघताना घरचं तापमान बघतात. साधा अंदाज असा की दर १००० मीटर उंचीला सरासरी साडेसहा डिग्री कमी होतं. म्हणजे खाली ३० असेल आणि तळं १८०० मीटर वर असेल तर वर भर दुपारी अठराच्या आसपास, आणि रात्री त्याहून बरंच खाली, वारा असेल तर आणखी जास्त बोचतं. स्लीपिंग बॅगवर आकडे लिहिलेले असतात तेही नीट वाचावे लागतात. चांगल्या बॅगवर तीन असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम, आणि दुकानात किंवा जाहिरातीत ठळक कुठला छापतात तर जो सगळ्यात कमी दिसेल तो. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानाला माणूस कसाबसा जगेल, झोपेल असं नाही. लिमिटचा आकडा अंग आक्रसून झोपलेल्या प्रमाण पुरुषावरून काढतात आणि कम्फर्टचा प्रमाण स्त्रीवरून, त्यामुळे बायकांनी, आणि ज्यांना थंडी जास्त वाजते त्या पुरुषांनीही, कम्फर्टच बघावा, बाकी दोन आकडे नसल्यासारखे धरावे. बरं बॅग कितीही भारी घेतली तरी अंगाखाली ती दबते आणि दबलेल्या भागात ऊब राहात नाही, खालची थंडी अडवते ती मॅट. तिच्यावर आर व्हॅल्यू, म्हणजे ती खालची थंडी किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, २ च्या आसपास असेल तर उन्हाळ्याला ठीक, थंड जमिनीवर ४ किंवा वर पाहिजे. महागडी बॅग आणि पातळ चटई अशी जोडी घेऊन रात्रभर कुडकुडणारे मी पाहिलेत, त्यापेक्षा उलट केलेलं परवडतं. आणि चालतानाच्या कपड्यात झोपू नका, एक कोरडा जोड आणि कोरडे मोजे पिशवीत वेगळे बांधून ठेवा, संध्याकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

थंडी वाजते म्हणून स्टोव्ह किंवा निखारे टेन्टमध्ये घेणं हा तर जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोप लागल्यासारखं होतं आणि माणूस उठत नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी गॅस सोडत असतात. यावर जास्त लिहीत नाही, आत न्यायचे नाहीत, झालं.

आता पाणी, ज्याच्यासाठी सगळे जातात. इतकं काचेसारखं स्वच्छ दिसतं की ओंजळीने प्यावंसं वाटतं. पण वरती जनावरं चरतात, माणसं जातात, आणि जिआर्डियासारखे जंतू डोळ्याला दिसत नाहीत, थंड पाण्यात ते कितीतरी दिवस जिवंत राहतात. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे उकळणं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी लवकर उकळतं म्हणजे कमी तापमानालाच उकळतं, २००० मीटरवर सुमारे ९३ डिग्रीला. क्लोरीनच्या गोळ्या हलक्या आणि सोयीच्या, पण थंड पाण्यात त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू त्यांना फारशी दाद देत नाही. फिल्टर चांगला, फक्त बरेचसे साधे फिल्टर व्हायरस अडवत नाहीत आणि रात्री आत पाणी गोठलं तर ते फुटतात, बाहेरून काही कळतही नाही, म्हणून गारठ्यात फिल्टर झोपताना बॅगेत जवळ घ्यायचा. आणि पाण्यावर हिरवट साय किंवा रंग सांडल्यासारखे पट्टे दिसले तर ते पाणी सोडून द्यायचं, निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळून जात नाही. गॅसचा हिशोब करताना हे उकळायचं पाणी लोक धरतच नाहीत, फक्त जेवणाचा धरतात आणि रविवारी सकाळी डबा रिकामा.

हेच पाणी आपणही घाण करतो. उंचावरच्या तळ्यात पोषक द्रव्यं फार कमी असतात, म्हणून तर ते एवढं नितळ दिसतं, त्यामुळे साबण, खरकटं, शांपू थोडासा गेला तरी तिथे तो जाणवतो. बाटलीवर बायोडिग्रेडेबल लिहिलंय म्हणून लोक खुशाल तळ्यात भांडी घासतात. तो साबण विघटन होतो तो मातीतल्या जिवाणूंमुळे, तळ्यात ओतायला तो बनवलेला नाही. भांड्यात पाणी भरून घ्यायचं, त्याच ऐंशी पावलांवर न्यायचं, तिथे धुवायचं, खरकटं गाळून पिशवीत घालायचं आणि उरलेलं पाणी मातीवर उधळून टाकायचं. अंगाला सनस्क्रीन किंवा डासांचं क्रीम थापलेलं असेल तर डुबकी मारायच्या आधी तेही लांबच पुसून धुऊन यायचं.

आणि संडास. याबद्दल कुणी छापत नाही, तुम्हीही छापलं नाहीत, पण प्लॅनिंगमध्ये बायका पहिला प्रश्न हाच विचारतात, हळू आवाजात विचारतात एवढंच. छोटं खोरं न्यायचं. पाण्यापासून, वाटेपासून आणि टेन्टपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. कागद, वाइप्स, पॅड यातलं काहीही पुरायचं नाही, जनावरं उकरून काढतात, दुहेरी पिशवीत घालून परत आणायचं. खडकाळ जागी खड्डा होतच नाही, तिथे सगळंच परत आणायच्या पिशव्या मिळतात त्या न्याव्या लागतात. जागा दिवसाउजेडी बघून ठेवायची, आणि बाईमाणसाला रात्री एकटीला अंधारात लांब जायला लागू नये, दोघींनी जायचं, हे आधी बोलून ठेवलं की कुणी रात्रभर पाणी न पिता बसत नाही. पाणी न पिणं उंचावर फार वाईट.

पोहण्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते कारण लेखात "तळ्यात उडी मारून थकवा घालवा" असं चक्क लिहिलंय. बाहेर ऊन असतं, अंग तापलेलं असतं, वरचा हातभर थर कोमट लागतो आणि खाली बर्फासारखं. डोंगरातल्या तळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं आणि ४ डिग्रीच्या आसपासचं पाणी सगळ्यात जड म्हणून तळाशी बसतं. उडी मारून खाली गेलात की एकदम श्वास ओढला जातो, तो आपल्या ताब्यात नसतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. थंड पाण्यातल्या शरीरावर काम करणारे कॅनडातले गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांचा एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे, एक-दहा-एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि थंडीने बेशुद्ध व्हायला साधारण एक तास. हा हिशोब अगदी बर्फगार पाण्याचा आहे, पण मुद्दा कळतो, पट्टीचे पोहणारे बुडतात ते गारठून नाही, त्याच्या कितीतरी आधी हात चालेनासे होतात म्हणून. पाण्यात जायचंच तर काठाने, पायांनी, हळूहळू, कंबरेएवढ्या पाण्यात, कुणीतरी बाहेर कोरडं उभं राहून बघतंय अशा वेळी, आणि पलीकडच्या काठापर्यंत जायची पैज तर लावूच नका. दारू पिऊन तर अजिबातच नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगावं लागतं.

विजेचंही थोडक्यात. गरम दिवसांत डोंगरात ढग दुपारी जमतात, म्हणून उंच धार, खिंड, शिखर जे काय करायचं ते सकाळी, आणि दुपारी खाली. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पाण्यातून बाहेर, उघड्या काठावरून बाजूला, एकट्या झाडापासून लांब, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. टेन्ट विजेपासून वाचवत नाही, त्यात शिरून फक्त बरं वाटतं.

रविवारचं म्हणाल तर रविवार हा पूर्ण दिवस धरूच नका. सकाळी ऊन टेन्टवर यायला उशीर लागतो, पश्चिमेच्या कड्याने जे संध्याकाळी केलं ते पूर्वेचा सकाळी करतो, ओला टेन्ट वाळवायचा, आवरायचं, आजूबाजूला फिरून कुणाचाही का असेना कचरा उचलायचा, यात दहा वाजतात. उतरताना गुडघे दुखतात, माणूस घाईत असतो, सोमवारचं ऑफिस डोक्यात असतं. तळ्याभोवती फेरी, शेजारची खिंड, सूर्योदयाचा पॉइंट हे सगळं एकाच वीकेंडला बसवायच्या नादात लोक शेवटी काहीच नीट बघत नाहीत, त्यापेक्षा शनिवारी चारला पोचून दोन तास नुसतं बसा की. मला तर तेच आवडतं.

निघायच्या आधी घरी एका माणसाला कागदावर लिहून द्या, कुठली वाट, कुठलं तळं, किती जण, गाडी कुठे लावणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. लोकेशन शेअर केलंय यावर विसंबू नका, खळग्यात रेंज बहुतेक नसतेच आणि थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते, रात्री फोन अंगाजवळ ठेवायचा आणि नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्यायचा, जमलं तर कागदी पण. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. डोंगरात मदतीची खूण ठरलेली आहे, एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. पोरांना हे खेळ म्हणून शिकवा, लगेच शिकतात, फक्त वर गेल्यावर मजा म्हणून वाजवायची नाही एवढं बजावा.

माझी एक विनंती आहे. आपल्या शुक्रवारच्या अंकात हवामानाची चौकट येते, त्यात फक्त शहराचं कमाल-किमान छापता. त्यातच आणखी दोन ओळी घाला, शनिवार-रविवारी दुपारी गडगडाटाची शक्यता आहे का, आणि १००० आणि २००० मीटर उंचीवर रात्रीचं तापमान काय राहील. हवामान खाती डोंगरासाठी अंदाज देतात, कुणीतरी बसून उतरवून घ्यायचा फक्त. शुक्रवारी संध्याकाळी सॅक भरताना पेपर समोरच पडलेला असतो, तेव्हा ते वाचलं जाईल. जागा नसेल तर राशिभविष्य दोन ओळींनी कमी करा, तक्रार आली तर माझं नाव सांगा.

आपली,
एक नियमित वाचक